कागदमाप

“काढायचं नाही एवढंच सांगताय. पण का काढायचं नाही?” मी विचारलं.

गवसांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला, परत घातला, आणि कॉम्प्युटरच्या पडद्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत बसले. खिडकीपलीकडे केसपेपरची रांग होती, फिनेलचा वास होता आणि कुणाचं तरी लेकरू मघापासून एका सुरात रडत होतं.

“चालतंय न्हवं?” ते म्हणाले. “मग ऱ्हाऊ दे ते, मॅडम.”

माझा त्या हॉस्पिटलातला तो तिसरा दिवस होता. सोळा वर्षं झाली त्याला. घाटमाथ्यावरचं तालुक्याचं गाव, ट्रस्टचं हॉस्पिटल, आणि गवस तिथले केसपेपर विभागाचे क्लार्क. हॉस्पिटलात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला हात लावायला कुणी धजेना, म्हणून ह्यांनी पुस्तकं आणून दर रविवारी बसून प्रोग्रॅम लिहायला शिकून घेतलं होतं. पेशंटचा केसपेपर काढणं, नंबर देणं, नंबर पुकारणं, सगळं त्यांच्या त्या एका प्रोग्रॅमवर चालायचं. साडेअकरा हजार ओळी, एकट्या माणसाने गरज पडेल तशा जोडत नेलेल्या. आता ते दोन महिन्यांनी निवृत्त होणार होते आणि त्यांच्यामागे तो पसारा कुणाला कळणार नव्हता. म्हणून पुण्याच्या आमच्या कंपनीने मला नऊ आठवड्यांसाठी तिथे धाडलं होतं.

आमच्या धंद्यात ह्या कामाला रिफॅक्टरिंग म्हणतात. नवीन काही करायचं नाही. जे चाललंय ते तसंच चालू ठेवायचं आणि आतून घर आवरायचं. पंगत बसलेली आहे, वाढणं थांबवायचं नाही, आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातले डबे जागच्या जागी लावायचे, असा प्रकार. जेवणाऱ्याला कळताही कामा नये. त्यामुळे हे काम केल्याचं श्रेय कधी मिळत नाही; शिव्या मात्र वेळेवर मिळतात. मी बारा वर्षं हेच करत आले होते. दुसऱ्यांनी जेवायचं आणि मी उष्टी काढायची. चौतिसाव्या वर्षी मला इतका कंटाळा आला होता की कंटाळा आलाय हे सांगायचाही कंटाळा यायचा.

कामाची सुरुवात नावांपासून होते. ज्या तुकड्याचं जे काम, तेच त्याचं नाव हवं, म्हणजे पुढच्या माणसाला वाचून कळतं. गवसांच्या प्रोग्रॅममध्ये ‘रांग’, ‘रांगदोन’, ‘नवीरांग’ आणि ‘आताचीरांग’ असे चार तुकडे होते आणि त्यातला चालू होता तो ‘रांगदोन’. मी त्यांना हे दाखवलं तेव्हा ते मनापासून हसले आणि म्हणाले, पुसून टाका की सगळं. एकूण माणूस गुणी. मी काही काढलं की त्यांना वाईट वाटायचं नाही, उलट डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखे बघत राहायचे.

फक्त ‘कागदमाप’ नावाच्या तुकड्याला हात लावू देईनात. नावावरून ते नंबरची चिठ्ठी छापायच्या कागदाचं माप असावं. आत मात्र तसं काही दिसेना. तीन-तीन आकडी सात संख्या एका ओळीत, त्यांच्याखाली एकटाच १६१०, आणि पुढे असा काही गुंता की मला पहिल्या वाचनात त्यातलं ओ की ठो कळलं नाही. मी तो शेवटासाठी बाजूला ठेवला.

चौथ्या दिवशी सेक्रेटरींनी मला आपल्या खोलीत बोलावलं. नलवडे सर, निवृत्त हेडमास्तर, पांढरा सदरा, टेबलावर कागदाचा एक कपटाही वेडावाकडा नाही. त्यांच्या मागच्या भिंतीवर पाटी होती, तशीच डॉक्टरांच्या केबिनच्या दारावरही: ‘नंबर म्हणजे नंबर. वशिला चालणार नाही.’ ही पाटी शोभेची नव्हती. ते सेक्रेटरी होण्याआधी गावातली बडी मंडळी थेट डॉक्टरांच्या केबिनमध्ये शिरायची. ह्या माणसाने ते बंद केलं. मांडीचं हाड मोडलेल्या स्वतःच्या बायकोलाही त्यांनी रांगेत स्ट्रेचरवर ठेवलं होतं, असं सिस्टर सांगायच्या.

त्यांचं म्हणणं असं की मंगळवारी आणि शुक्रवारी नंबरात काहीतरी गडबड होते. त्या दोन दिवशी कोल्हापूरहून फिट येणाऱ्या पेशंटचे डॉक्टर यायचे, दुपारी एक ते सहा बसायचे, आणि गर्दी मावायची नाही. गावातल्या एका व्यापाऱ्याने चार तास बसून नंबर मोजले होते. मागचे काही नंबर अधूनमधून पुढे पुकारले जातात, हे त्याने वहीत लिहून आणलं होतं.

“बाई,” नलवडे सर म्हणाले, “मला कुणावर आळ घ्यायचा नाही. पण प्रोग्रॅम एकाच माणसाच्या हातात आहे. तो निवृत्त होण्याआधी मला खरं काय ते कळलं पाहिजे. तुम्ही आत हात घातलाच आहे, तर सापडेल ते मला सांगा.”

मी हो म्हटलं. नाही म्हणायला काही कारण नव्हतं. पण खोलीत परत आले आणि गवसांनी माझ्यासाठी पंखा माझ्याकडे वळवून ठेवलेला दिसला, तेव्हा मला उगीच ओशाळल्यासारखं झालं. आम्हा दोघांची ती खोली म्हणजे आधीचं गॉजपट्ट्यांचं स्टोअर. तिथल्या लोखंडी कपाटात एक शाल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेली होती, मोरपिशी, बारीक जरीकाठाची, वर चिठ्ठी, ‘श्री. गवस, निरोप समारंभ’. स्टाफने आधीच आणून ठेवली होती. गवस त्या खोलीत दिवसभर बसत आणि कपाट उघडलं की दुसरीकडे बघत.

पहिल्या मंगळवारी पावणेचारला गवस उठले आणि म्हणाले, चला की मॅडम, स्टँडवर चहाला. मी म्हटलं, चहा इथेच येतो की. ते म्हणाले, स्टँडवरचा बरा असतोय. मी हसून नको म्हटलं. शुक्रवारी परत तेच, पावणेचार, स्टँड, चहा. मला वाटलं म्हाताऱ्याला गावात मिरवायचंय, पुण्याची बाई आमच्याकडे कामाला आलीय म्हणून. त्या दिवशीही मी काम आहे म्हटलं. ते एकटेच गेले आणि साडेचारला परत आले.

माझी काम तपासायची पद्धत साधी होती. एखाद्या जुन्या दिवसाचे सगळे केसपेपर घ्यायचे, ते आधी गवसांच्या प्रोग्रॅममधून काढायचे, मग मी आवरलेल्या प्रोग्रॅममधून, आणि नंबर पुकारल्याच्या दोन याद्या शेजारी शेजारी ठेवायच्या. अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. जुळलं नाही तर माझं चुकलं, मी मागे यायचं. ह्या कामात शहाणपणाला जागा नाही. जुन्यात चूक दिसली तरी ती तशीच ठेवायची, वेगळ्या कागदावर टिपायची, आणि ज्याचा प्रोग्रॅम त्याला विचारायची. हा नियम मी नव्या पोरांना किती वेळा शिकवला असेन त्याला गणती नाही.

तिसऱ्या आठवड्यात सोमवार जुळला, बुधवार जुळला, गुरुवार, शनिवार जुळला. मंगळवार आणि शुक्रवार जुळेनात. दर वेळी सात-आठ नंबर जागेवर नसायचे. सत्तेचाळीस नंबरचा माणूस तीनच्या मागे, बावन्नचा सहाच्या मागे. दर तीन नंबरांमागे एक, अशा बेताने पेरलेले की रांगेतल्या माणसाला चटकन कळू नये. मी ओळ न् ओळ मागे जात राहिले आणि शेवटी पोचले ती कागदमापात. तिथे कागदाचं काही नव्हतं. सात गावांचे क्रमांक होते आणि त्या गावांच्या पेशंटना पुढे घ्यायची सोय होती. मला वाईट वाटलं. खरं सांगायचं तर वाईट वाटण्याआधी बरं वाटलं, कारण गुंता सुटला होता.

गवसांना मी सरळ विचारलं. त्यांनी नाकारलं नाही. गावं तुमच्याकडची का, असं विचारलं तर व्हय म्हणाले. त्यांचं मूळ गाव आंबेखोल, ते त्या सातात पहिलंच होतं. मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

“मॅडम, आज शुक्रवार हाय,” ते म्हणाले. “चला स्टँडवर. चहा पिऊन येऊ. मग काय ते ठरवा.”

घड्याळात पावणेचार वाजले होते. मला त्यांचा राग आला. पकडला गेल्यावर माणूस चहा पाजायला बघतो, असंच मला वाटलं. नलवडे सर साडेचारला घरी जातात आणि मला ते काम त्या दिवशीच संपवायचं होतं. शनिवार-रविवार डोक्यात घेऊन बसायची माझी ताकद नव्हती. मी म्हटलं, नको, चहा नको. ते गेले. मी दोन्ही याद्या छापल्या आणि सेक्रेटरींच्या टेबलावर नेऊन ठेवल्या.

सोमवारी नलवडे सरांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. आवाज चढवला नाही. हे तुम्ही केलंत का, विचारलं. गवस म्हणाले, व्हय. ही सगळी तुमच्या गावाकडची माणसं? व्हय. का केलंत? गवसांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “चूक माझीच हाय, सर.” निवृत्तीला पाच आठवडे राहिले होते. नलवडे सरांनी त्यांना त्याच दिवशी घरी जायला सांगितलं. निरोप समारंभ होणार नव्हता. दुपारपर्यंत सगळ्या हॉस्पिटलला कळलं आणि संध्याकाळपर्यंत गावाला. गवसांनी डबा पिशवीत घातला, पंखा पुन्हा माझ्याकडे वळवला आणि गेले.

सरांच्या सांगण्यावरून मी कागदमाप काढून टाकलं. त्या जागी रांगेचा साधा तुकडा आला, जो आधी आला तो आधी. सात ओळी. नाव दिलं ‘रांग’. इतकं स्वच्छ काम माझ्या हातून वर्षानुवर्षांत झालं नव्हतं.

पुढचे चार आठवडे सुरळीत गेले. दुपारचा चहा मी खोलीतच घ्यायची. नवीन क्लार्क बाईंना शिकवायला मी अधूनमधून खिडकीवर बसायची आणि आठव्या आठवड्यातल्या शुक्रवारी तशीच बसले होते. दुपारचे बारा होत आले असतील. एक म्हातारी खिडकीला येऊन थांबली. बरोबर पंचविशीची बाई, डाव्या हाताला पंजापासून कोपरापर्यंत पांढरं फडकं गुंडाळलेलं, त्यातून हळदीचा पिवळा डाग वर आलेला. सोनाबाई झोरे आणि तिची लेक शेवंता, गाव आंबेखोल, धनगरवाडा. क्लार्क बाईंनी नंबर दिला, एकावन्न.

म्हातारीने चिठ्ठी घेतली नाही.

“ह्यो लंबर नगं, बाई,” ती म्हणाली. “ह्यो लागत न्हाई.”

लागेल की, पाचपर्यंत लागेल, क्लार्क बाई म्हणाल्या. तेव्हा म्हातारीने पदराची गाठ सोडली आणि खिडकीच्या फळीवर तीन चिठ्ठ्या ओळीने ठेवल्या. सत्तेचाळीस, बावन्न, एकोणपन्नास. मी ओळखल्या. माझ्याच प्रोग्रॅमने छापलेल्या होत्या, कडा सारख्या, नंबर बरोबर मधोमध.

“तीन खेपा झाल्या,” ती म्हणाली. “तीन्ही खेपंला पाचाला लागणार म्हणून सांगितलं. गाडी चार धाला जाती. त्याच्यामागं सकाळपतोर गाडी न्हाई. थांबलो तर घरातल्या म्हाताऱ्याला आन् शेरडांस्नी कोण बघणार? चौथ्या खेपंचं बळ न्हवतं, तवर गोळ्या संपल्या. पोरगी भाकरी थापत व्हती, फिट आली आन् चुलीत पडली.”

शेवंता खाली बघत उभी होती. म्हातारी रडत नव्हती, तक्रारही करत नव्हती. वाट विचारावी तसं सांगत होती. गवसमामा होते तेव्हा आमचा नंबर लागायचा, त्यांना तेवढं विचारा, एवढंच तिचं म्हणणं.

मी विचारलं, “गाडी कितीची म्हणालात?”

“चार धाची.”

सोळा दहा. कागदमापातला तो एकटा १६१० मी खिडकीवर बसल्या बसल्याच मनात पुन्हा एकदा वाचला. चार वाजून दहा मिनिटं, स्टँडच्या फळ्यावर लिहितात तसं. ती सात गावं एकाच रस्त्यावरची. गाडी एकच, सकाळी साडेअकराला माणसं आणून टाकायची आणि चार दहाला परत घेऊन जायची. गावातली माणसं सकाळी आठला नंबर लावून घरी जाऊन जेवून यायची. ह्यांचा नंबर पन्नाशीच्या आत कधी येणार? मी आत गेले आणि मागच्या चार आठवड्यांच्या याद्या काढल्या. सात गावांचे मिळून पहिल्या आठवड्यात पंधरा केसपेपर निघाले होते, दुसऱ्यात अकरा, मग सहा, मग तीन. डॉक्टरांनी त्यातले किती तपासले? एकही नाही. नंबर गैरहजर, नंबर गैरहजर, असं माझ्या प्रोग्रॅमने नीट ओळीत छापलं होतं.

मी शेवंताला हाताला धरून डॉक्टरांच्या केबिनशी नेलं आणि ते आल्या आल्या पहिलं तिलाच दाखवलं. पाटीच्या खालून, सगळ्या रांगेच्या देखत. हाताची पट्टी झाली, गोळ्या मिळाल्या. दोन बोटं वळणार नाहीत, असं डॉक्टर इंग्रजीत म्हणाले आणि मी ते मायलेकींना मराठीत सांगितलं नाही. तेवढं धैर्य मला नव्हतं.

पावणेचारला मी त्यांच्याबरोबर स्टँडवर गेले.

गवस चहाच्या टपरीपुढच्या बाकड्यावर बसले होते. दर मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे, काढून टाकल्यानंतरही. माझ्याकडे बघून त्यांना नवल वाटलं नाही. त्यांनी बसायला जागा केली आणि दोन चहा सांगितले. समोर आंबेखोलची गाडी लागलेली. फिटच्या डॉक्टरांकडे आलेली माणसं एकेक करून चढत होती. गवस बोटांच्या पेरांवर मोजत होते. शेवंता चढताना थांबली आणि तिने चांगला हात त्यांना दाखवला.

“आज पाच आली,” ते म्हणाले. “दाखवून चालली ती एकली शेवंताच.”

चहा खरंच बरा होता.

“मला सांगितलं का नाहीत?” मी म्हटलं. “एका वाक्याचं काम होतं.”

“बारा वर्षांमागं कमिटीला अर्ज दिलता. दोन पानी. त्यांनी लिवून दिलं, एका रस्त्याला सवलत दिली तर सगळी मागत्याल. खोटं न्हाई ते. पर बाकीच्या रस्त्यांस्नी सहा-सहा गाड्या हाईत.” त्यांनी कप खाली ठेवला. “सांगून पटत न्हाई, मॅडम. बघून पटतंय. म्हणून तुमास्नी बोलवत व्हतो.”

मी म्हटलं, मी आत्ताच्या आत्ता नलवडे सरांकडे जाते. सगळं सांगते. माणूस कडक आहे पण खोटा नाही, तुमची माफी मागेल, तुमचा निरोप समारंभ होईल. मी उठलेसुद्धा. गवसांनी माझी ओढणी धरावी तसा हवेतच हात पुढे केला आणि थांबवलं.

“बसा. तुमी गेलासा तर माफी मागतील. आन् मग? परत कमिटी बसंल. मंगळवारची यादी काढतील, शुक्रवारची काढतील. एकदा बघायला लागली की बघतच ऱ्हात्यात. आता कसं हाय, चोर घावलाय. चोर गेला म्हणून समदी निवांत हाईत. तवर त्या यादीकडं कोण बी बघणार न्हाई.” ते माझ्याकडे वळले. “तुमच्या हातात आजून आठवडा हाय न्हवं?”

ते काय सांगत होते ते मला कळलं. तुकडा परत बसवायचा असेल तर ते चोर राहिले पाहिजेत. चोर राहिले तरच तो टिकणार होता. गावात त्यांच्याशी कोण कसं वागत होतं ते मी ऐकून होते. भजनात त्यांची पेटी दुसऱ्याकडे दिली होती. बायको दळण टाकायला शेजारच्या गल्लीतून जायची.

“आणि तुमचं नाव?” मी विचारलं.

कंडक्टरने घंटी दिली. चार दहा. गाडी मागे येऊन वळली, फाटकातून बाहेर पडली, आणि गवस ती दिसेनाशी होईपर्यंत तिकडेच बघत होते.

“ऱ्हाऊ दे ते, मॅडम,” ते म्हणाले.

पुढचे चार दिवस मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट काम केलं, आणि सगळ्यात जपून. माझ्या त्या स्वच्छ सात ओळी पुसल्या. गवसांचा गुंता परत आणला आणि त्यात माझ्याकडून आणखी गाठी मारल्या. खरोखरची कागदाची मापं आत घातली, म्हणजे कुणी डोकावलं तर कंटाळून बाहेर पडेल. तीन नंबरांमागे एक होता तो कधी दोनांमागे, कधी चारांमागे असा केला, म्हणजे व्यापाऱ्याला मोजून सापडायला नको. नाव कागदमापच ठेवलं. मग जुना मंगळवार घेतला. पुकारायची वेळ इकडेतिकडे सरकली होती, पण जे आठ पेशंट गवसांच्या यादीत साडेतीनच्या आत तपासले गेले होते, तेच आठ माझ्याही यादीत गेले होते. बाहेरून काही बदललं नव्हतं. माझ्या कामाची व्याख्याच ती आहे.

शेवटच्या दिवशी नलवडे सरांनी स्टाफला हॉलमध्ये जमवलं. माझ्याबद्दल चार शब्द बोलले. बाईंनी प्रोग्रॅम आतून स्वच्छ केला आणि हॉस्पिटलही आतून स्वच्छ केलं, असं म्हणाले. टाळ्या झाल्या. मग त्यांनी नारळ दिला आणि माझ्या खांद्यावर शाल घातली. मोरपिशी, बारीक जरीकाठाची. कपाटात पडून होती, वाया कशाला घालवा, असा त्यांचा सरळ हिशेब. चिठ्ठी तेवढी काढली होती, टाचणीचं भोक तसंच होतं. समोर खुर्च्यांवर ती शाल निवडून आणलेल्या सिस्टर बसल्या होत्या आणि त्या खाली बघत होत्या. मी तोंड उघडलं असतं तर सगळं बाहेर आलं असतं. मी नमस्कार केला आणि आभार मानले.

ती शाल मी कधी पांघरली नाही. दोनदा घर बदललं, शाल बरोबर आली, पिशवीतच. गवसांना दोन-तीन वर्षं दिवाळीला फोन करायची. नंतर एकदा त्यांच्या बायकोने उचलला आणि ते गेल्याचं सांगितलं.

यंदा फेब्रुवारीत एका सोमवारी फोन आला. शर्वरी कामत नावाच्या बाई, चाळिशीच्या, त्याच हॉस्पिटलचा प्रोग्रॅम नव्याने आवरायला घेतलेल्या. जुन्या फायलीत माझं नाव सापडलं म्हणाल्या. नलवडे सर कधीच निवृत्त झाले होते, पाट्या रंगकामात गेल्या होत्या. त्यांचा प्रश्न एकच होता.

“मॅडम, ह्यात एक ‘कागदमाप’ आहे. आता चिठ्ठ्या छापतच नाही आम्ही, नंबर फोनवर जातो. मग हे काढू ना?”

राहू दे ते, असं माझ्या तोंडात आलं होतं. ते मी गिळलं आणि विचारलं, आंबेखोलला गाडी आता कितीची आहे? त्यांना माहीत नव्हतं. मी म्हटलं, पावणेचारला स्टँडवर चहाला जाऊन या एकदा. त्या हसल्या. सौजन्याने हसतात तसं. शुक्रवारी काम द्यायचंय मॅडम, मान वर करायला फुरसत नाही.

गवसांनी मला तीनदा बोलावलं होतं. मी म्हटलं, मग उद्या मीच येते.

दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी धरली आणि सात तास कंबर मोडून घेतली. शर्वरी बाईंना अक्षरशः दंडाला धरून स्टँडवर नेलं. टपरीची जागा हलली होती, बाकडं बदललं होतं. आंबेखोलची गाडी आता चार चाळीसची झाली होती आणि तीही पाचच गावांना जात होती. दोन गावांना दुसरा रस्ता झाला होता. गाडीत चढणाऱ्या बायकांना आम्ही विचारलं. हॉस्पिटलातून आलेल्या चौघी होत्या. चौघींनी डॉक्टरांना दाखवलं होतं, पण चार दहाला जमेल अशा घाईने, आणि उरलेला अर्धा तास स्टँडवर बसून काढला होता. त्या चौघींत शेवंता नव्हती.

चहा पिता पिता मी शर्वरी बाईंना सगळं सांगितलं, शालीसकट. त्यांनी मध्ये एकदाही घड्याळ बघितलं नाही. गाडी गेल्यावर त्यांनी पिशवीतून वही काढली. उघड लिहिते, म्हणाल्या, आताच्या ट्रस्टींना मी दाखवते, इथेच आणून दाखवते. गावं पाच, वेळ चार चाळीस. मग पेन थांबलं.

“कागदमाप नको आता. नाव काय देऊ?”

“गवस,” मी म्हटलं, आणि त्यांनी लिहून घेतलं.